दाढेला टोपी

हा अंक आपल्या हाती असेल तेव्हा शेजारी फराळाची बशी असणार आणि तिच्यात निदान दोन तरी चकल्या असणार, हे मी इथे भोकरला बसून खात्रीने सांगू शकतो. चकली मोडल्याचा आवाज ऐकला की ज्यांची जीभ तोंडाच्या एका ठरावीक कोपऱ्याकडे आपोआप वळते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. त्यांची पाळी यायची आहे, इतकेच.

माझी पाळी गेल्या संक्रांतीला आली. तिळाची वडी तोंडात टाकली, दोनदा चावली आणि तिसऱ्या वेळी कटकन काहीतरी लागले. "तीळ निवडले होते की नाही?" असे मी सौ.ला विचारलेसुद्धा. मग तो खडा तळहातावर घेऊन पाहिला. खडा नव्हताच. बारा वर्षांपूर्वी खालच्या डाव्या दाढेवर बसवलेली टोपी होती ती. सौ.ने माझ्याकडे नुसते पाहिले. तीळ निवडलेले होते.

लोक तिला कॅप म्हणतात, डॉक्टर मंडळी क्राउन म्हणतात, म्हणजे मुकुट. मला आपली टोपीच बरी वाटते. मराठीत टोपी घालण्याचा आणखीही एक अर्थ आहे, तो वाचकांना सांगायला नको. ही माझी टोपी बसवली गेली ती मुलाकडे एका मोठ्या शहरात राहायला गेलो असताना. दवाखाना झकपक, आत गारवा, चार दिवसांत काम फत्ते. बारा वर्षांनंतरही ती बाहेरून नव्यासारखी होती. वरची चिनी माती चकचकीत, कुठे चीर नाही की टवका नाही. आत नखाने टोकरून पाहिले तेव्हा काळपट ओला भुगा निघाला आणि वास आला. तो भुगा माझ्या दाढेचा होता.

इथे आईची हकीगत सांगितली पाहिजे, नाहीतर एका दाढेसाठी हा गृहस्थ एवढा का घाबरला ते कळणार नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, घोड्या-गाढवांच्या बाजाराच्या अलीकडे, माझ्या लहानपणी दात काढणारे बसत. जमिनीवर एक फडके आणि फडक्यावर काढलेल्या दातांची रास. ती रास हीच त्यांची पदवी. आईची दाढ ठणकत होती म्हणून वडिलांनी तिला तिथे बसवले. ती उठली तेव्हा दोन गेल्या होत्या, एक दुखणारी आणि एक तिच्या शेजारची. पुढे एकेक करून बाकीच्याही गेल्या. पन्नाशीतच ती भाकरी वरणात कुस्करून खाऊ लागली. हुरड्याच्या दिवसांत आम्ही सगळे शेतात आगटीभोवती बसायचो. ती कणसे चोळून गरम हुरडा तळहातावर घ्यायची, एकदा नाकाशी न्यायची आणि माझ्या हातावर ओतायची. "मला काय करायचाय? तुम्ही खा." आई जाऊन आता वीस वर्षे झाली, पण हुरडा दिसला की हे वाक्य आधी ऐकू येते.

त्या फडकेवाल्याला तरी काय बोलावे? कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमदांनी दंतवैद्यकाचे विद्यालय काढले ते १९२० साली. मुंबईच्या नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ सालचे. दंतवैद्यांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा १९४८ चा, म्हणजे ज्या वर्षी आमचा मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्याच वर्षीचा. पण कायद्याला दिल्लीहून माळेगावच्या यात्रेपर्यंत यायला फार वेळ लागतो. मराठवाड्यातले सरकारी दंत महाविद्यालय औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, निघाले तेव्हा १९८२ साल उजाडले होते. आईच्या तोंडात तोवर एकही दात नव्हता.

आज चित्र निराळे आहे. भोकर हे नांदेडपासून पन्नासएक किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव, मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे इथून जाते. पण दाढेसाठी आता गाडीत बसावे लागत नाही. मी गेलो तो माझ्याच एका विद्यार्थिनीकडे. तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, त्यातली ही. इथलीच मुलगी, शिकून आली आणि इथेच दवाखाना घातला.

"सर, आ करा. अजून. वर्गात तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, आणि तोंड एवढंच उघडतं होय?"

तिने आरशाने पाहिले, एक्स-रे काढला, माझी ती टोपी चिमट्यात धरून उजेडाकडे फिरवली. मग हातमोजे काढून समोर बसली. डॉक्टर हातमोजे काढून समोर बसले की समजावे, आता खरे काय ते सांगणार.

"सर, ही टोपी मी आत्ता चिकटवून देऊ शकते. चार-सहा महिने राहीलसुद्धा. पण ती ज्याच्यावर बसायची तेच उरलं नाही. तीन बाजूंची भिंत बरी आहे. जिभेकडची हिरडीच्या खाली गेलीय."

आणि तिने कागद घेऊन आकृती काढली. आकृती बेताचीच होती, चित्रकलेत ती कधीच पहिली नव्हती. पण मुद्दा मला आयुष्यात पहिल्यांदा कळला.

टोपी दाताला वाचवते असे आपण समजतो. पुष्कळ अंशी ते उलटे आहे. दाढेचे पांढरे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, हे आपल्या शरीरातले सर्वांत कठीण द्रव्य. पण एकदा गेले की पुन्हा येत नाही. किडीने पोखरलेली, नस काढून आतून भरलेली दाढ म्हणजे पोकळ झालेले लाकूड. चावताना तिच्यावर पाचर मारल्यासारखा दाब येतो आणि ती उभी चिरते. टोपी तिला चहूकडून आवळून धरते. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोहार धाव चढवतो ना, तसेच काम. पण धाव चढवायला चाकाचे लाकूड शाबूत हवे. टोपीच्या कडेच्या वर, दाढेच्या भोवती सगळीकडून, दीड-दोन मिलिमीटर उंचीची तरी निरोगी भिंत टोपीच्या मिठीत आली पाहिजे. तेवढी नसेल तर जगातली उत्तमोत्तम टोपी आज ना उद्या तिळाच्या वडीत सापडणार.

"मग काढायची?" मी विचारले. माझा आवाज मलाच आईसारखा वाटला.

"एक मार्ग आहे. त्या बाजूची हिरडी आणि खालचं हाड थोडं कमी करून भिंत उघडी करायची. मग दीड-दोन महिने थांबायचं, हिरडी आपल्या जागी स्थिरावू द्यायची. त्यानंतर टोपीचं माप. चार दिवसांत होणार नाही."

मी होकार दिला. ही दाढ होती खालची पहिली मोठी दाढ. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, म्हणून पुष्कळ आईबाप तिलाही दुधाची समजतात आणि "पडणारच आहे" म्हणून किडू देतात. ती पडायची नसते. कायमच्या दातांत सगळ्यांत आधी आलेली, सगळ्यांत जास्त राबलेली आणि बहुधा सगळ्यांत आधी बळी जाणारी अशी ही दाढ.

हिरडीचे काम अर्ध्या तासात झाले. त्यानंतरचे आठ दिवस गार वरणभातावर गेले, त्याविषयी न बोललेले बरे. होळी उलटून गेल्यावर दाढ घासण्याचा दिवस आला. टोपी बसवायची तर तिच्या जाडीएवढी जागा आधी दाढेवरच करावी लागते. वरून दीड मिलिमीटर, बाजूंनी एकाच्या आतबाहेर. सगळ्या भिंती वर किंचित निमुळत्या ठेवायच्या. भातुकलीतले पेले एकात एक बसतात तसे हे काम आहे: भिंती अगदी सरळ ठेवल्या तर टोपी चढत नाही, फार निमुळत्या केल्या तर राहत नाही. आणि तळाशी, हिरडीजवळ, सबंध भोवती एक गुळगुळीत, अखंड कड कोरायची. टोपी संपते कुठे आणि दाढ सुरू होते कुठे ती ही रेघ. माझ्या विद्यार्थिनीने ती रेघ कोरायला एकूण वेळातला निम्मा वेळ घेतला.

घासण्याआधी रंग ठरला होता, आणि इथे मात्र मी जरा मास्तरकी केली. दातांच्या रंगांचा एक पट्टा असतो. त्यावर खोट्या दातांचे सोळा नमुने ओळीने लावलेले. ए, बी, सी, डी असे चार गट, तांबूस-तपकिरीपासून करड्यापर्यंत, आणि गटात आकडे. हा रंग दिव्याखाली पाहू नये, दिवसाच्या उजेडात पाहावा. दोन रंग ट्यूबलाइटखाली जुळतात आणि उन्हात फटकून वागतात हे मी मुलांना तीस वर्षे सांगत आलो. शिवाय तोंड फार वेळ उघडे राहिले की दात सुकतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात, म्हणून रंग आधी ठरवायचा, काम मागून. आम्ही दोघे खिडकीशी जाऊन उभे राहिलो. माझा रंग निघाला ए साडेतीन. घरी येऊन सौ.ला सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या चहाचा."

मग माप. हिरडीच्या भोवती बारीक दोरा दाबून तिला बाजूला सारतात, म्हणजे ती कोरलेली कड उघडी पडते. पुरीच्या कणकेसारखे एक सिलिकोन आणि मधासारखे पातळ दुसरे, अशी दोन मिळून चमचाभर साच्यात भरून दाढांवर दाबून धरायची, आणि घट्ट झाली की एका झटक्यात उचलायची. समोरच्या वरच्या दाढांचे वेगळे माप, दोन्ही जबडे मिटतात कसे त्याचे वेगळे. दाढेवर तात्पुरती टोपी बसवून तिने मला मोकळे केले. एरवी हे माप डबीत घालून नांदेडच्या प्रयोगशाळेकडे रवाना होते. मला पेन्शनच्या कामासाठी नांदेडला जायचेच होते.

"मी नेतो," मी म्हणालो. "माझी टोपी कोण शिवतो ते तरी पाहू."

एका गल्लीत, जिन्याने वर, दोन खोल्यांची ती प्रयोगशाळा. आत पाऊल टाकताच मला घरी आल्यासारखे वाटले, कारण तिथे प्लॅस्टरचा वास होता. शाळेत मुलांकडून साच्यातले गणपती करून घेतले आहेत मी. प्लॅस्टर घट्ट होताना हाताला ऊब लागते, ती ऊब इथेही होती. फरक एवढाच की इथले पिवळे प्लॅस्टर दगडासारखे कठीण होते आणि ते मापात ओतताना खाली एक छोटे यंत्र थरथरत होते, आत बुडबुडा राहू नये म्हणून. फळीवर तीसचाळीस जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला चिठ्ठी. माणसे नव्हेत, नुसते त्यांचे दात.

प्रमुख कारागीर सत्तरीच्या जवळचे, दाढी पांढरी, डोळ्याला भिंग. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. आमच्या वडिलांच्या पिढीत दातांच्या डॉक्टरला दंदानसाज म्हणत असत, निजामी उर्दूतला शब्द. दंदान म्हणजे दात, साज म्हणजे घडवणारा. मी तो शब्द उच्चारला आणि म्हातारा खूश झाला. चहा आला.

"हमारे पास दात आता है मास्टरसाब, आदमी नहीं आता," ते म्हणाले. "आप पहले हो."

त्यांनी माझी डबी उघडली, माप उचलून खिडकीशी नेले, भिंग लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला जवळ बोलावले. जिभेकडच्या बाजूला, जिथे हिरडी कापली होती तिथेच, कडेच्या रेघेत एक बुडबुडा होता. मोहरीच्या चौथाईएवढा. त्याच्या पुढे रेघ थोडी ओढल्यासारखी पुसट झाली होती.

"याच्यावर टोपी होणार नाही का?" मी विचारले.

"होती है ना. अंदाज से. सुई से थोडी रेघ मार देंगे, टोपी बन जाएगी, चमकेगी भी."

मी खिशातून आगपेटी काढली. तिच्यात माझी जुनी टोपी होती. का कोण जाणे, बरोबर घेतली होती. उस्तादांनी ती भिंगाखाली धरली, कडेवरून सुईचे टोक फिरवले आणि एका जागी थांबले. तिथे धातूची कड आखूड होती. नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती, सुईला लागत होती. टोपी आणि दात यांच्यामध्ये केसाच्या जाडीएवढी फट असली तर सिमेंटने भरते आणि चालते. त्याहून मोठी असली की सिमेंट हळूहळू विरघळते, लाळ आत जाते, लाळेबरोबर जंतू, आणि आत ब्रश जायला वाट नाही. टोपी किडत नाही. तिच्या आडोशाला दाढ किडते, आणि नस आधीच काढलेली असल्यामुळे दुखतसुद्धा नाही. बारा वर्षांपूर्वी कुठल्या तरी खोलीत कुणीतरी सुईने अंदाजाची रेघ मारली असेल. मापच तसे आले असेल, घाई असेल, परत पाठवले तर दवाखाना दुसरीकडे काम देईल ही भीती असेल. मला त्या माणसाचा राग आला नाही. मात्र माझी दाढ त्या रेघेतून गेली होती हे पक्के समजले.

उस्तादांनी फोन लावला. "बेटी, माप वापस भेज रहा हूं." मला वाटले आता खटका उडणार. पलीकडून काय उत्तर आले ते ऐकू आले नाही, पण म्हातारा हसला आणि फोन माझ्याकडे दिला.

"सर," माझी विद्यार्थिनी म्हणाली, "तुम्हीसुद्धा माझं चित्र तीनदा परत पाठवलं होतं. उद्या या."

परतीची गाडी संध्याकाळची होती, त्यामुळे मी तिथेच बसलो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी टोपीचे ओतकाम पाहिले. नुसत्या धातूच्या टोप्या, आणि धातूवर चिनी मातीचा मुलामा दिलेल्या टोप्या, उस्ताद अजून जुन्या पद्धतीने करतात. दगडी प्लॅस्टरच्या दाढेवर गरम मेणाचा थर चढवायचा, अर्ध्या मिलिमीटरचा. त्या मेणाच्या टोपीला मेणाचीच एक दांडी लावून ती एका कड्यात उभी करायची, भोवती उष्णता सोसणारी माती ओतायची. कडे भट्टीत तापले की मेण जळून जाते आणि मातीत टोपीच्या आकाराची पोकळी उरते. वितळलेला धातू त्या पोकळीत जाऊन बसतो, यंत्र गरगर फिरवून त्याला आत लोटतात. माती फोडली की टोपी हातात.

पाहतापाहता मला हसू आले. पंचरसी मूर्ती अशाच होतात! दातांच्या कामात ही रीत आणली ती अमेरिकेतल्या टॅगार्ट नावाच्या दंतवैद्याने. १९०७ साली न्यूयॉर्कच्या सभेत त्याने तिचे प्रात्यक्षिक दाखवले. त्याने पेटंट घेऊन लोकांकडे पैसेही मागितले, पण आयोवातल्या फिलब्रुक नावाच्या दंतवैद्याने दहा वर्षे आधीच ही कल्पना मांडलेली निघाली आणि टॅगार्टचा दावा टिकला नाही. आता खरे म्हणजे दावा लावायचा तर तो आमच्या शेजाऱ्याने. लातूरच्या सरहद्दीपलीकडचे कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात मानसोल्लास हा ग्रंथ रचला, त्यात मेणाच्या मूर्तीवर माती लिंपून धातू ओतण्याचा विधी दिलेला आहे. मेण आधी तोलून घ्यावे. चांदी ओतायची तर मेणाच्या बारापट, सोने ओतायचे तर सोळापट घ्यावे, इथपर्यंत हिशेब. उस्तादांना मी हे सांगितले. त्यांनी मेणाची टोपी काट्यात टाकली आणि धातूचे वजन धरले. म्हणाले, "राजा को मालूम था."

धातूच्या टोपीवर मग चिनी मातीचे थर चढतात. आधी धातूचा काळेपणा झाकणारा, मग दाताच्या अंगचा पिवळसर, मग वरचा काचेसारखा. दर थराला भट्टी. धातू आणि चिनी मातीचे हे लग्न साठ वर्षांपूर्वीचे, १९६२ सालच्या अमेरिकन पेटंटांपासून ते रुळले. त्याआधी नुसत्या चिनी मातीची टोपी होती. ती डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी काढली आणि तिचे पेटंट १८८९ सालचे. या लँडसाहेबांचा नातू म्हणजे १९२७ साली एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग. आजोबांच्या टोप्या सुंदर दिसत, पण चावताना फुटत. नातवाचे यंत्र मात्र पॅरिसपर्यंत पोचले.

माझी टोपी यांतली नव्हती. ती झिरकोनियाची होणार होती, आणि तो विभाग उस्तादांच्या पुतण्याकडे. माप नवे आल्यावर प्लॅस्टरची दाढ एका यंत्रापुढे ठेवतात, यंत्र तिचे प्रकाशचित्र घेते आणि पडद्यावर ती फिरू लागते. मुलगा माऊसने तिच्यावर टोपी रचतो, उंचवटे आणि खाचा देतो. ही कल्पना फ्रान्सच्या फ्रांस्वा ड्यूरे यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. आता मोठ्या शहरांत कित्येक ठिकाणी तोंडातच कॅमेरा फिरवून माप घेतात, सिलिकोनची गरजच नाही. पण कड रक्ताने वा लाळेने झाकली असेल तर कॅमेऱ्यालाही ती दिसत नाही, असे पुतण्या म्हणाला, आणि काका समाधानाने मान हलवू लागले.

झिरकोनियाची चकती पाहिली तर खडूची वाटते. नखाने ओरखडा उठतो. यंत्र तिच्यातून टोपी कोरते ती मुद्दाम मोठी, साधारण पाचवा-चौथा हिस्सा मोठी. मग तिला दीड हजार अंशांच्या आसपासच्या भट्टीत ठेवायचे. रात्रभरात ती आटते, बरोबर मापावर येते आणि पोलादाला दाद न देणारी होते. कुंभाराचे मडकेही भट्टीत आटते; पण ते किती आटेल हे कुंभार अदमासाने सांगतो. इथे प्रत्येक चकतीवर तिच्या आटण्याचा आकडा छापलेला असतो.

दुसरे माप दोन दिवसांनी गेले. उस्तादांचा एका शब्दाचा निरोप आला: "ठीक." आठवड्याने डबी आली. डबीत टोपी, आणि टोपीबरोबर सुंदर छापलेले हमीपत्र, अमुक वर्षांचे. मी ते वाचू लागलो तर माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ती हमी टोपीची आहे. दाढेची कुणी देत नाही." किंमतही इथेच सांगून टाकतो, कारण वाचक विचारणारच. मला सांगितलेल्या भावांत धातूची टोपी दोनतीन हजारांची, चिनी मातीची त्याहून वर, आणि झिरकोनियाची कंपनी पाहून दहा-पंधरा हजारांपर्यंत. तोंडाच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी पाहत नाही तिथे, धातूची टोपी कामाला तितकीच चोख, हेही तिने आपण होऊन सांगितले होते. झिरकोनिया ही माझी हौस. चित्रकलेच्या मास्तराच्या तोंडात चंदेरी दाढ मला नको होती.

बसवण्याआधी तिने तासभर नुसती परीक्षा घेतली. सुई कडेवरून सगळीकडे फिरवली. शेजारच्या दाढांमधून रेशमी दोरा घातला. तो थोडा अडून टचकन खाली जायला हवा. सहज गेला तर फटीत अन्न अडकणार, गेलाच नाही तर टोपी नीट बसलेली नाही. एक्स-रे काढला. मग निळा पातळ कागद दाढांमध्ये धरून म्हणाली, "चावा. टकटक करा. आता बाजूला घासा." जिथे टोपी उंच तिथे निळा ठिपका उठतो, तो हलकेच घासायचा. मला एकदा वाटले, झाले आता. तिला वाटले नाही. भातातला खडा जबड्याला लागतो तशी टोपीची केसभर उंचीही लागते, आणि तशीच ठेवली तर पुढे सांधाच दुखू लागतो.

मग सिमेंट. आमच्या गावाचे नाव ज्या झाडाचे, त्या भोकराच्या पिकल्या फळाच्या चिकाने आम्ही लहानपणी पतंग चिकटवायचो; नखे दोन दिवस एकमेकांना सोडत नसत. मला वाटे, टोपीचेही तसेच काहीतरी असणार, सगळी करामत डिंकाची. तसे नाही. जुनी हेमाडपंती देवळे चुन्याशिवाय उभी आहेत ती दगडावर दगड नीट बसल्यामुळे. टोपीही धरून ठेवतात त्या मुख्यतः दाढेच्या भिंती. सिमेंट उरलेली बारीक फट बुजवते. जिथे भिंती आखूड तिथे डॉक्टरला डिंकावर भिस्त ठेवावी लागते, आणि तो हिशेब फार दिवस चालत नाही.

"आता दिवसातून दोनदा ब्रश, आणि कडेजवळ जास्त," ती म्हणाली. "रात्री दोरा. ऊस दाताने सोलायचा नाही. सुपारी फोडायची नाही. सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, दुखत नसलं तरी. दुखत नसलं तर जरूरच."

"हो, बाई," मी म्हणालो. तीस वर्षांत इतक्या आज्ञाधारकपणे माझे ऐकलेला एकही विद्यार्थी मला आठवत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सौ.ने ज्वारीची भाकरी केली, कडक, पापुद्रा सुटलेली, आणि वर ठेचा. बारा वर्षे मी उजवीकडूनच चावत होतो, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. मी घास मुद्दाम डावीकडे नेला. सौ. हातातली परात तशीच धरून उभी.

"काही लागतंय का?" तिने विचारले.

"भाकरी," मी म्हणालो, आणि दुसरा तुकडा मोडला.